यमुनाबाईंचा डबा

कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, हा माझा जुना हट्ट. इथे फुलपाड्यात शेजारणीनं वाटीभर खीर दिली, तर दुसऱ्याच दिवशी तिची वाटी घासूनपुसून, वर काहीबाही घालून परत. रिकामं भांडं द्यायचं नाही, ही आईची शिकवण. फेडणं, उतराई होणं, हे शब्द सारखे माझ्या तोंडात. ‘तुला कुणाचं घेणं सोसतच नाही,’ असं आमचे हे चिडवायचे. देवीशीही माझा व्यवहार असाच चोख होता. मागायचं, आणि मिळालं की डोंगर चढून ओटी भरून यायचं.

गेल्या वर्षी यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तीन दिवस झाले तरी शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणत, वाट बघू. हे डोळे उघडेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं मी देवीला सांगून बसले होते. तिसऱ्या दुपारी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मला घेरी आली. शेजारी अर्नाळ्याची एक कोळीण असायची, तिचा मुलगा पलीकडच्या वॉर्डात होता. तिनं स्टीलच्या डब्यातली पेज पुढे केली. मी नवसाचं सांगितलं, तर म्हणाली, “खा गुमान. तू पडलीस तर त्याला पानी कोन पाजनार?” मी खाल्ली, रडत आणि घाबरत खाल्ली. संध्याकाळी तिच्या मुलाला घरी सोडलं, ती गेली, आणि तिचा डबा माझ्या पिशवीत राहिला.

मग मला काही सुचेना. नवस मोडला, आणि वर परक्या बाईचं अन्न अंगावर. हा डबा परत गेल्याशिवाय हे उठायचे नाहीत, असं जे डोक्यात बसलं ते निघेचना. झाकणावर नाव कोरलेलं होतं, ‘सौ. यमुना’. सकाळी नणंदेला तिथे बसवलं, घरी जाऊन रव्याचे लाडू वळले, डबा भरला आणि अर्नाळ्याची बस धरली. फोन हातात घट्ट धरला होता. तो वाजला तर काय ऐकावं लागेल, हाच विचार सारखा चालला होता.

किनाऱ्याला, वाळत घातलेल्या मासळीमधून, यमुनाबाईंचं घर विचारत फिरले. या नावाचं इथे कुणीच नाही, म्हणाले. रडकुंडीला येऊन परत फिरले तोच मागून हाक आली, “अगो, तू इथं कशी?” तीच होती. डबा पुढे केला तर हसायलाच लागली. “माजं नाव यमुना नाय. मला पन हा दवाखान्यातच एकीनं दिला, भरून. शोधली तिला, नाय सापडली.” तिनं एक लाडू तोंडात टाकला, झाकण लावलं आणि डबा माझ्याच हातात ठेवला. “तुजा मानूस तिकडं, आनि तू इकडं काय करतेस?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांच्या उशाशी असायचं सोडून मी डबा परत करत हिंडत होते. परतीच्या बसमध्ये देवीकडे काहीच मागितलं नाही, मागायला तोंडच नव्हतं.

दवाखान्यात माझ्या बाकड्यावर एक सुकल्या तोंडाची मुलगी बसली होती, तिची आई आत होती. डबा तिच्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, “काकू, हा परत कुठे आणून देऊ?”

“खा आधी,” मी म्हटलं.

यांनी डोळे उघडले ते त्यानंतर दोन दिवसांनी. उजवा हात अजून नीट उचलता येत नाही, पण चहा आपला आपण पितात. कुणी वाचवलं यावर मी वाद घालत नाही. यांना बरं वाटल्यावर मी डोंगर चढले. पायथ्याशी फुलवाली म्हणाली, “ताई, ओटी घ्या.” आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हटलं. रिकामे हात घेऊनच देवीसमोर उभी राहिले आणि मनापासून रडले. म्हटलं, आई, हे काही माझ्याच्यानं फिटायचं नाही. राहू दे माझ्या अंगावर.