पोत्यांच्या शेडला पाठवलेली नोटीस

१२ ऑगस्ट, मंगळवार. आठव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं आणि मी टाकी भरत होते. हुबळीच्या विद्यानगरात आमच्या गल्लीत पाणी आलं की माणूस दुसरं काही करत नाही. फोन दोनदा वाजला, मी घेतला नाही. तिसऱ्यांदा ओल्या हातानंच घेतला. आमच्या कंपनीच्या अमरगोळच्या गोडाऊनचा सुपरवायझर होता.

"मॅडम, पोत्यांची अक्का गेटात बसलीय. हलत नाही. उद्या सकाळी जेसीबी यायचाय, शेड रिकामं करा म्हटलं तर म्हणते, ज्या बाईनं सही केलीय तिला बोलवा."

"कोणत्या बाईनं?"

"तुम्हीच की हो. नोटिशीखाली तुमचीच सही आहे."

पाइप शेजारणीच्या हातात दिला आणि स्कूटर काढली.

मी एका पशुखाद्य कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये सतरा वर्षं आहे. डिपार्टमेंट म्हणजे मी आणि कोर्टातून रिटायर झालेले एक क्लार्क. आमचा हेड बेंगळुरूला बसतो. कंपनी पूर्वी हुबळीतल्याच एका व्यापारी घराण्याची होती, नंतर बेंगळुरूकरांनी विकत घेतली. यंदा हेडनं करार वाचणारं एक एआयचं टूल घेतलं. कागद स्कॅन करून घालायचे. चालू कोणते, मुदत संपलेले कोणते हे ते सांगतं, आणि नोटिशीचा मसुदाही स्वतःच करून देतं.

मी या टूलच्या विरोधात नव्हते, हे आधीच सांगते. माल खरेदीच्या एका मोठ्या करारात माझ्या नजरेतून सुटलेलं एक कलम त्यानं दाखवलं होतं. जो जुना करार वाचायला मला तास लागतो, तो हे चहा गार व्हायच्या आत वाचतं. मशीन आलं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही.

जुलैच्या शेवटी टूलनं मुदत संपलेल्या करारांची यादी दिली, सोबत मसुदे. एकतीस नोटिसा होत्या. पहिल्या तीन मी नीट वाचल्या. भाषा चोख होती. उरलेल्या अठ्ठावीस वाचल्या नाहीत, नुसत्या सह्या केल्या. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं म्हणून मला बरंही वाटलं होतं.

त्यातली एक या अक्काला गेली होती. गोडाऊनच्या कंपाऊंडमध्ये एका कोपऱ्यात पत्र्याचं शेड आहे. तिथं अक्का आणि चार बायका फाटकी पोती शिवतात. अक्काचं वय साठीच्या पुढं, ब्लाउजच्या खांद्याला कायम दाभण टोचलेलं. शेड गेलं की पाचजणींचं काम गेलं, एवढा सरळ हिशेब होता.

ती गेटच्या मधोमध पोतं अंथरून बसली होती. बाकीच्या चौघी भिंतीला टेकून उभ्या. मला बघूनही ती उठली नाही. आम्ही कन्नडमध्येच बोललो. इथं मी ते मराठीत लिहितेय.

"आलीस का बाई? ये, बस. खुर्ची नाही माझ्याकडं."

"अक्का, गेटातून उठा आधी. गाड्या अडल्यात."

"अडू देत. पंधरा दिवसांत जागा सोड म्हणून तू लिहिलंस. का म्हणून लिहिलंस तेवढं सांग, मी उठते."

"कराराची मुदत संपलीय, अक्का. चार वर्षं झाली."

"कोण म्हणालं?"

इथं मी जे उत्तर दिलं ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. मी म्हटलं, "कंपनीनं नवीन मशीन आणलंय. सगळे करार तेच वाचतं."

अक्कानं कमरेची पिशवी काढली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला स्टॅम्पपेपर बाहेर काढला आणि माझ्यासमोर पालथा धरला. मागच्या बाजूला निळ्या शाईत, कन्नडमध्ये, हातानं लिहिलेल्या सहा ओळी होत्या. जोवर ही बाई पोती शिवण्याचं काम चालवते तोवर शेड तिच्याकडं राहील. कंपनीला जागा हवी झाली तर सहा महिने आधी सांगावं आणि आवारातच दुसरी जागा द्यावी. खाली जुन्या मालकाची सही, अक्काची सही, दोन साक्षीदार, कंपनीचा शिक्का.

"वाचलंस? मग तुझ्या मशीनला सांग. वाचायला डोळे आहेत म्हणतेस, पान उलटायला हात नाहीत होय त्याला?"

भिंतीजवळच्या चौघी खुदकन हसल्या. सुपरवायझर मोबाईलमध्ये बघायला लागला.

हे बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. आमच्या बाजारात करार वाढवायचा असला, नवी अट घालायची असली तर कुणी नवा स्टॅम्पपेपर आणत नाही. जुन्याच कागदाच्या पाठीवर हातानं लिहितात, दोघं सह्या करतात, झालं. खरा करार पुष्कळदा मागच्याच बाजूला असतो. धारवाडला मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की कागद हातात आला की आधी उलटायचा, मग वाचायचा. हे इथं हमालालाही ठाऊक आहे. आणि इतकं ठाऊक असल्यामुळंच ते मशीनला सांगावं लागेल हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

"अक्का, उद्यापर्यंत थांबा. मी बघते."

"उद्या जेसीबी येणार म्हणतोय हा. बघायचं ते आजच बघ."

ऑफिसात पोहोचले तोवर संतापानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती. क्लार्कना म्हटलं, अमरगोळच्या शेडची मूळ फाइल काढा. त्यांनी कपाटातून काढली. आमच्या प्रतीवरही त्याच सहा ओळी, तोच शिक्का. कंप्युटरवर स्कॅन उघडला, तर फक्त पुढची बाजू.

"एकच बाजू स्कॅन करायला कुणी सांगितलं त्या स्कॅनिंगवाल्यांना?" मी ओरडलेच.

क्लार्क शांतपणे म्हणाले, "ओरडू नका मॅडम. सांगणारीला ऐकू जाईल."

त्यांनी माझाच मेल काढून दाखवला. मी लिहिलं होतं की मागच्या बाजू बहुतेक कोऱ्या असतात, त्यांत वेळ घालवू नये, मार्चअखेर काम संपवावं. हे मी लिहिलं होतं. आयुष्यभर आधी पान उलटणाऱ्या बाईनं.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात, अण्णा?"

"मला वाटलं, हातानं लिहिलेलं मशीनला कळत नसेल, म्हणून तुम्ही ते वेगळं वाचणार असाल. माझं चुकलंच. पण सही करताना तुम्ही फाइल मागवाल असं वाटलं होतं."

मी मागवली नव्हती. स्वतःवरचा राग वाईट, कारण तो कुणावर काढता येत नाही.

दुपारी हेडशी व्हिडिओवर बोलले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नम्र, इस्त्रीचा शर्ट. मी दोन्ही बाजू स्क्रीनवर धरून दाखवल्या. नोटीस चुकीची आहे, मागं घ्यायला हवी, उद्याचा जेसीबी थांबवा, असं सांगितलं. मला वाटलं होतं, तो घाबरेल. तो घाबरला नाही. खुर्चीत मागं टेकला.

"मॅडम, टूलनं एक्सपायर्ड दाखवलं होतं ना?"

"हो. कारण त्याला अर्धाच कागद दिला होता."

"म्हणजे आपण सिस्टिमवर विसंबून वागलो. आपली बाजू स्वच्छ आहे. हाताच्या लिखाणाला तसाही किती अर्थ असतो?"

"सही-शिक्क्यासह आहे, सर. आणि कंपनी घेताना चालू करार पाळू असं आपण लिहून दिलंय. ते कलम मीच वाचलं होतं."

"त्या जागी वजनकाटा बसवायचाय. मशिनरीची ऑर्डर गेलीय. उद्याचं काम होऊ द्या. नंतर ती बाई कोर्टात गेलीच तर म्हणू, टूलची चूक होती. कोर्टालाही कळतं, नवीन टेक्नॉलॉजी आहे."

"ती कोर्टात जाणार नाही हे तुम्हाला माहीत आहे."

"तेच तर म्हणतोय मी," तो म्हणाला, आणि हसला. "आणि प्लीज, याच्यावर मेल वगैरे करू नका."

दुपारपर्यंत मला वाटत होतं की एक चूक झालीय. माझी, स्कॅनवाल्यांची, थोडी मशीनची. या हसण्यानंतर ती चूक राहिली नाही. मशीनला कुणाचं शेड पाडायचं नव्हतं. समोर दिलेली बाजू त्यानं इमानानं वाचली. हा माणूस मात्र दोन्ही बाजू वाचून बोलत होता. उद्या विचारलं तर बोट दाखवायला त्याला काहीतरी हवं होतं, आणि ते त्याला आयतं मिळालं होतं. जे आपल्या तोंडानं म्हणायची लाज वाटते, ते टूलच्या तोंडी घालायचं. मी कोर्टात खोटं बोलणारे पुष्कळ पाहिलेत, पण ते निदान स्वतः पिंजऱ्यात उभे राहून बोलतात.

"सर, नोटिशीखाली टूलची सही नाही," मी म्हटलं. "माझी आहे."

"मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

सतरा वर्षांत मी ऑफिसात एकदाही रडलेले नाही, आजारी पोराला घरी ठेवून तारखांना गेलेय, आणि हा मला भावना शिकवत होता. मी कॉल बंद केला.

क्लार्क दारात उभे होते. "काय म्हणाले?"

"गप्प बसा म्हणाले."

"मग? बसणार?"

मी पर्स उचलली. घरी गेले. स्वयंपाक केला, मीठ दोनदा पडलं, घरच्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी ऑफिसात होते. क्लार्क माझ्या आधीच येऊन बसले होते. लेटरहेडवर हातानं चार ओळी लिहिल्या, कन्नडमध्ये. अमुक क्रमांकाची नोटीस चुकीनं पाठवली गेली, ती मागं घेत आहे, करारातल्या सर्व अटी कंपनीवर बंधनकारक आहेत. सही केली. क्लार्कनी आउटवर्ड रजिस्टरात नोंद करून क्रमांक घातला आणि शिक्का मारला.

पावणेनऊला अमरगोळला पोहोचले. जेसीबी गेटाबाहेर उभा होता, ड्रायव्हर चहा पीत होता. सुपरवायझरच्या हातात एक प्रत दिली.

"मॅडम, वरून फोन आला तर काय सांगू?"

"लेखी आदेश पाठवा म्हणून सांगा. तोंडी काही चालणार नाही. जेसीबी परत पाठवा."

त्यानं दोनदा कागद वाचला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि ड्रायव्हरला हात केला.

अक्का शेडात होती. बांधलेले गठ्ठे तिनं अजून सोडले नव्हते. पत्र एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं.

"तुझी नोकरी जाईल काय गं?"

"माहीत नाही."

"इरलि बिड्री," ती म्हणाली, असू द्या म्हणून. काल सकाळपासून पहिल्यांदाच तिनं मला अहो-जाहो केलं होतं. मग तिनं पोचपावतीवर सही केली आणि चौघींना गठ्ठे सोडायला सांगितलं.

ऑफिसात परत येऊन मी हेडला मेल केला. कंपनी सेक्रेटरीलाही पाठवला. सोबत कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, मागं घेतलेल्या नोटिशीची प्रत आणि आदल्या दुपारी आमचं जे बोलणं झालं ते, माझ्या आठवणीप्रमाणं, शब्दाला शब्द. स्कॅनिंगची सूचना माझी होती, हेही त्यात लिहिलं. मग उरलेल्या तीस नोटिशींच्या मूळ फायली कपाटातून काढून टेबलावर ठेवल्या, पंधरा मी घेतल्या, पंधरा क्लार्कनी.