साडूंचे सुटे डबे

एकाच वस्तूकडून दोन कामं करून घेणं हा त्या वस्तूचा छळ आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे साडू निघाले. सोफा-कम-बेड त्यांना पाहवत नाही. त्यावर धड बसता येत नाही आणि धड झोपताही येत नाही, असं ते भर दुकानात विक्रेत्याला ऐकवतात. मोबाइलमध्ये घड्याळ, विजेरी आणि कॅमेरा असतो हे त्यांना ठाऊक आहे, तरी फिरायला निघताना मनगटावर घड्याळ, एका खिशात विजेरी आणि गळ्यात कॅमेरा असा सगळा सरंजाम सोबत असतो. मिसळ खायला गेलो की मटकी, रस्सा, शेव आणि कांदा चार वेगळ्या वाट्यांत मागवतात, प्रत्येकातलं चमचाभर चाखतात आणि मगच एकत्र करतात. "आधीच मिसळलं तर चूक कुणाची हे कळणार कसं?" असं त्यांनी एकदा हॉटेलवाल्याला विचारलं. तो बिचारा काय सांगणार? त्याच्याकडे गेली कित्येक वर्षं लोक मिसळ ही मिसळूनच खात होते.

हे वळण नोकरीचं असावं. साडू मूळचे देवळ्याकडच्या शेतकरी घरातले, पण सातपूरच्या एका कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं तपासनीस होते. पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रचंड प्रेस मशिनांच्या खात्यात चांगला माल आणि वाईट माल वेगळा करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर तपासायला घरात बायकोखेरीज काही उरलं नाही. ही बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई. ताईंनी पहिल्याच आठवड्यात तपासणीला ठाम नकार दिला. मग गंगापूर रोडजवळच्या त्यांच्या घरातली वरची खोली रिकामी झाली आणि तिथे होम थिएटर आलं.

सुरुवात साधीच होती. मोठा पडदा, सात स्पीकर आणि त्या सगळ्यांना सांभाळणारा एक काळा रिसीव्हर. सिनेमातला आवाज वाचायचा, तो सात वाटांनी वाटायचा आणि प्रत्येक वाटेला ताकद द्यायची, ही सगळी कामं तो एकटा डबा करायचा. एवढं कळलं मात्र, आणि साडूंची झोप उडाली. "अहो, एका मोटरवर सात मशिनं चालवली तर सातव्याच्या वाट्याला काय उरतं?" ते मला म्हणाले. "म्हणूनच संवाद उठत नाहीत. घोडे ऐकू येतात, तोफा ऐकू येतात, पण माणूस काय म्हणतोय ते कळत नाही!" मला तर कळत होतं. पण आवाजाच्या बाबतीत मी अडाणी, असं आमच्यात आधीच ठरलं होतं.

मग सुटे डबे यायला लागले. आवाज वाचणारा प्रोसेसर वेगळा. ताकद देणारा अँप्लिफायर वेगळा. तोही आधी पुढच्या तीन स्पीकरांना मिळून एक होता, पुढे तिघांना तीन झाले. त्यातला प्रत्येक डबा नव्या नवरीच्या रुखवतासारखा जपून आणि पोत्यासारखा जड. तो जिन्यावरून चढवताना खालचं टोक नेहमी माझ्याकडे असायचं. "सावकाश, सावकाश," असं ते वरून म्हणायचे, आणि ते डब्याला उद्देशून असायचं.

डबे तापायला लागले तेव्हा त्यांचा देवळ्याचा धाकटा भाऊ मदतीला धावला. तो कांद्याचा शेतकरी. खोलीभर नजर फिरवून तो म्हणाला, "दादा, हे असं एकावर एक रचून नाय चालत. कांदा साठवतो तशी चाळ कर. खालून हवा घुसली पायजे, नाय तर सगळं सडतंय." झालं! सातपूरच्या एका वर्कशॉपमधून साडूंनी पट्ट्यापट्ट्यांचं, खालून मोकळं आणि जमिनीपासून फूटभर उंच असं फडताळ बनवून आणलं. हुबेहूब कांद्याची चाळ, फक्त आत कांद्यांच्या जागी अँप्लिफायर. आणि खरोखर ते थंड राहू लागले. यानंतर साडू भावाला इंजिनिअर म्हणू लागले, आणि भाऊ गावात सांगू लागला की नाशिकला दादाच्या माडीवर माझ्या डिझाइनची चाळ हाय.

तरी संवाद काही उठेनात. मग संशय विजेवर गेला. बागेत खड्डा खणून, त्यात कोळसा आणि मीठ भरून त्या खोलीसाठी स्वतंत्र अर्थिंग झालं. ताईंचा मोगरा त्यात गेला. "जेवणात मीठ कमी घाला म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, आणि यांनी दहा किलो जमिनीला खाऊ घातलं," ताई म्हणाल्या. मग संशय भिंतींवर गेला. टाळी वाजवून खोली किती घुमते ते बघायची सवय साडूंना याच काळात लागली, आणि ती त्यांच्या घरापुरती राहिली नाही. कुणाकडेही गेले की उंबऱ्याच्या आत पाऊल पडताच एक टाळी. एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला गुरुजींचं पूजा सांगणं संपलं आणि शांतता झाली. साडूंनी छताकडे बघत एक खणखणीत टाळी वाजवली. मागच्या रांगेला वाटलं, अशी पद्धत असेल. पाहता पाहता सगळ्या घरानं टाळ्यांचा कडकडाट केला. गुरुजी आधी दचकले, मग संकोचले आणि शेवटी त्यांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. "घुमतंय," साडू माझ्या कानाशी म्हणाले. "पडदे जाड पाहिजेत."

दिवाळीच्या पाडव्याला शेवटचा डबा बसला आणि सगळ्यांना जेवायचं आमंत्रण आलं. देवळ्याचा भाऊ सहकुटुंब आला होता, आम्ही दोघं होतो, शिवाय शेजारची तीन-चार माणसं. दुपारची जेवणं होताच साडूंनी सगळ्यांना वर नेलं, खिडक्या लावल्या आणि लढाईचा एक सिनेमा सुरू केला. आवाज काय वर्णावा! घोडे मागून येऊन आमच्या डोक्यांवरून पुढे गेले. शेजारच्या आजोबांनी खरोखर मान खाली घातली. पण त्या सगळ्या गदारोळाच्या वर कुठेतरी सुईसारखी बारीक, न थांबणारी एक शिट्टी वाजत होती. मला वाटलं, ती सिनेमातली असेल. भावाच्या बायकोनं पदर कानावर घेतला. शेजारी एकमेकांकडे बघून घेत होते. साडू मात्र डोळे मिटून, मान डोलावत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की कुणाच्याही तोंडून शब्द फुटेना.

सिनेमा मध्येच थांबवून ते उठले. "कसं?" त्यांनी विचारलं. पडद्यावरचे घोडे हवेत थांबले होते, तोफा गप्प झाल्या होत्या, आणि शिट्टी चालूच होती.

"दाजी, सगळं छान आहे," माझी बायको म्हणाली, "पण ती शिट्टी बंद करा ना आधी. डोकं उठलं."

"कसली शिट्टी?"

"ही काय, आत्ता वाजतेय ती."

साडू डाव्या स्पीकरजवळ गेले आणि कान लावून उभे राहिले. मग उजव्या स्पीकरजवळ गेले. ताई घाईनं म्हणाल्या, "काही नाही हो, बाहेर कुणीतरी फटाके लावतंय. हिला मेलीला भास होतात." साडूंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी भावाला विचारलं, "तुला येतीय?"

भाऊ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "बारीक हाय," तो म्हणाला. "पण हाय, दादा."

दुसरा कुणी असता तर विषय हसण्यावारी नेला असता. साडू जन्माचे तपासनीस. त्यांनी मोबाइल जोडला. खालच्या सुरापासून हळूहळू चढत जाणारा एकच आवाज त्यात होता. स्पीकर तपासायला त्यांनी तो आणून ठेवला होता. "सगळ्यांनी डोळे मिटायचे," ते म्हणाले. "ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा. थांबलं की खाली." शाळेतल्यासारखे आम्ही सगळे हात वर करून बसलो. तेही डोळे मिटून, हात वर करून आमच्यासमोर उभे राहिले.

मी डोळे उघडले. तसं करायला नको होतं, पण केलं. आवाज चढत होता, अजून चांगला स्पष्ट होता, आणि साडूंचा हात खाली आला. अगदी शांतपणे, काम झाल्यासारखा. बाकी सगळ्यांचे हात वर होते, शेजारच्या आजोबांचासुद्धा. मग मी ताईंकडे पाहिलं. त्यांचेही डोळे उघडे होते. त्या नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या. आणि त्यांनी आपला हात हळूच खाली घेऊन मांडीवर ठेवला.

साडूंनी डोळे उघडले. समोर सगळे हात वर, आणि त्यात एकच हात खाली. खोलीत तो बारीक आवाज चढतच चालला होता. ते ताईंकडे वळले.

"तुला ऐकू येतंय," ते म्हणाले.

साडूंनी मोबाइल बंद केला, मग डाव्या बाजूचा नवा अँप्लिफायर बंद केला आणि वळून विचारलं, "थांबली?" आम्ही माना हलवल्या. "मशीनमध्ये थोडा दोष आहे, तो निघेल," ते म्हणाले. "पण माल ओके. इन्स्पेक्टर रिजेक्ट." आम्ही सगळे गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं हसलो, आणि चकल्यांचं ताट आलं म्हणून सुटलो.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "कारखान्यात कानात बोळे घालत होतात का?" साडू ताठ बसले. "मिळायचे. पण घातले नाहीत. प्रेसच्या ठोक्यावरून मला कळायचं, साचा झिजायला लागलाय की नाही. बोळे घातले तर ठोका कसा ऐकणार? शंभर भाग खराब निघायच्या आधी मी मशीन थांबवायचो." हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. बाईंनी मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी आलेख समोर ठेवला. रेघ डावीकडून सरळ येत होती आणि उजवीकडे धरणाच्या सांडव्यासारखी खाली कोसळत होती. वरचे बारीक आवाज गेले होते, परत येणार नव्हते. स, श, थ, फ ही अक्षरं त्या वरच्या बाजूलाच असतात, म्हणून बोलणं कळत नाही, असं त्या म्हणाल्या. घोडे आणि तोफा खालच्या बाजूला राहतात.

परतताना स्कूटरवर ते माझ्या मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे तो पहिला एकटा डबा ठीक होता का हो?"

"ठीक होता," मी म्हणालो.

"मोगरासुद्धा उगाच गेला," ते म्हणाले, आणि असे काही हसायला लागले की शेजारचा रिक्षावाला बघू लागला. मला मात्र आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. सिग्नल सुटला तरी मी जरा वेळ गाडी हलवली नाही.

दोन्ही कानांत यंत्रं बसली. दोन कानांना दोन, हे त्यांना फार आवडलं. घरी जाऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर जुना रिसीव्हर माळ्यावरून काढून जोडला, मग सुटे डबे जोडले, आणि दोन्हीवर तोच प्रसंग ऐकला. "थोडा फरक आहे," त्यांनी मला फोनवर सांगितलं. "थोडा. पण आहे." मी वाद घातला नाही. आता नवं काही बसवलं की ताईंना मधल्या खुर्चीत बसवतात आणि स्वतः मागे उभे राहून विचारतात. ताई स्वेटर विणता विणता सांगतात, "डावीकडून जरा जास्त येतंय," आणि साडू मुकाट्यानं कमी करतात. इतक्या वर्षांत त्या खोलीत दहा मिनिटंही न टिकलेल्या ताई हल्ली संध्याकाळचा अख्खा सिनेमा तिथे बघतात.

परवा मी गेलो तेव्हा आम्ही दोघं वर बसलो होतो. खालून ताईंची हाक आली, "अहोऽऽ, चहा झालाऽऽ!" गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल असा आवाज. साडू दचकले आणि त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं. ताई पूर्वी इतक्या मोठ्यानं बोलत नसत, हे मला आठवलं. त्यांचा आवाज कधी चढत गेला ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"त्यांना सांगा ना, आता एवढं ओरडायची गरज नाही म्हणून," मी म्हणालो.

"सांगेन," साडू म्हणाले. ते उठले, चाळीतल्या डब्यांचे दिवे एकेक करून मालवत गेले. "किती वर्षं ओरडत होती कोण जाणे. मला आत्ता कुठे ऐकू यायला लागलंय. थोडे दिवस ऐकतो, मग सांगेन."

खालून पुन्हा हाक आली. पहिलीपेक्षा मोठी. ते जिन्याच्या तोंडाशी कठड्याला धरून उभे होते, आणि ओ द्यायची घाई करत नव्हते.