काशीबाईने पारखलेली सायकल

चिंचणीच्या काशीबाईला जगात फार थोड्या गोष्टी पसंत पडत, आणि त्यांत तिचा नवरा पुंडलिक नव्हता. वल्ह्याने हात दुखतात म्हणून होडी सोडून तो तारापूरच्या बांधकामावर सिमेंटच्या गोणी मोजायला लागला होता. "गोनी उचलत पन नाय, मोजतो," असं ती बाजारात चारचौघींना सांगायची.

मासळीची पाटी ती स्वतः डोक्यावरून बोईसरला न्यायची. वास येतो म्हणून एसटीचा कंडक्टर तिला पाटीसकट चढू देत नसे. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. ती पोचेपर्यंत गिऱ्हाइकं दुसऱ्या बायकांकडे वळलेली असत. गुडघे बसले की धंदा बसला, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात काम सोडून निघालेल्या एका फिटरकडून पुंडलिकने सायकलला लावायचं छोटं पेट्रोलचं इंजिन आणलं. घरात सायकलच नव्हती. हे कुठे लावणार, तुझ्या डोक्याला का, असं काशीबाईने विचारलं. तिथे जागा रिकामीच आहे, हेही ऐकवलं.

बोईसरच्या कमलाकांत सायकलवाल्याने बजावलं होतं की जाड नळीची, सरळ चाकांची, घट्ट तारांची सायकल बघा. इंजिनाचा हिसका लेच्यापेच्या सायकलीला सोसत नाही. पुंडलिकने पसंत केली ती हिरवीगार, मुठींना गोंडे लावलेली. "ही वरातीला ने," म्हणत काशीबाईने निवडीचं काम आपल्याकडे घेतलं. होडीचं लाकूड ठोकून पारखणाऱ्या बापाची ती लेक. एका सायकलीचं चाक डुलत होतं, दुसरीचा पुढचा चिमटा वाकलेला. तिसरी तिने मालकाच्या तोंडाकडे बघूनच नाकारली. अखेर सफाळ्याच्या एका दूधवाल्याची काळी, दणकट, रूपाने अगदीच भिकार सायकल तिला पटली. कमलाकांतनेही मान डोलावली आणि इंजिन बसवून दिलं.

होडीला खारं पाणी लागू नये म्हणून तिच्या माहेरी मुशी माशाचं तेल चोपडायची रीत होती. त्या संध्याकाळी काशीबाईने सायकलही तशीच चोपडली. नळ्या, तारा, चाकांच्या कडा, कुठे म्हणून कोरडं ठेवलं नाही. ओट्यावर बसून बघणाऱ्या पुंडलिकला ती म्हणाली, "वस्तू कशी राखायची ते बघून घे. तुला सांगून नाय कळनार."

सकाळी कॅरिअरला पाटी बांधून तो फटफट करत निघाला. पाटी नसल्याने कंडक्टरने काशीबाईला मुकाट्याने तिकीट दिलं. ती खिडकीशी बसली. डोक्यावर ओझं नसताना मान कशी धरायची, हेच तिला कळेना. फार बरं वाटत होतं.

बोईसरला उतरली तर रेल्वेच्या फाटकाशी गर्दी. सपाट रस्त्याने येताना पुंडलिकला ब्रेक दाबायची वेळच आली नव्हती. इथे फाटक बंद दिसलं तेव्हा त्याने दाबला, आणि सायकल थांबली नाही. मासळी मातीत गेली होती. पुंडलिक फाटकाच्या खांबाला टेकून बसला होता आणि त्याचा उजवा हात वाकडा लोंबत होता.

कमलाकांत दुकानातून धावत आला. त्याने चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हुंगलं.

"रिमला तेल? मग ब्रेक धरणार कुठून? कुठल्या मूर्खाचं काम हे?"

काशीबाई गर्दीतून पुढे सरकली.

"माझंच," पुंडलिक म्हणाला. "मीच लावलं."

गर्दी खदखदून हसली. होडी सोडली तेव्हाच याची अक्कल बुडाली, असं कोणीतरी म्हणालं. हे तर काशीबाई स्वतः वर्षानुवर्षं म्हणत आली होती. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना तिचं अंग पेटलं, आणि त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटली.

पाटीवरचं फडकं उचलून ती त्याच्यापाशी बसली आणि त्याचा हात गळ्यात बांधू लागली.

"तेल मी लावलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ह्याला खोटं पन धड बोलता येत नाय."