तेविसावा धडा

विमा कंपनीच्या त्या शाखेत तिला सगळे नियमताई म्हणत. हे तोंडावर. पाठीमागे आणखी काय काय म्हणत, ते तिने कधी ऐकून घेतलं नाही. शाखेतून बाहेर पडणारा प्रत्येक अर्ज आधी तिच्या टेबलावर यायचा. तारखेत खाडाखोड असो, साक्षीदाराचा पत्ता अर्धवट असो, की सहीचा शेवटचा फराटा नेहमीपेक्षा आखूड पडलेला असो, कागद आल्या पावली परत.

"ताईंच्या टेबलावरून मुंगीसुद्धा ओळखपत्र दाखवून जाते," असं कॅशियर म्हणायचा. ती वरवर डोळे वटारायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

तिने अडवलेल्या कागदांत सगळ्यात गाजला तो हळूकाकांचा. हळूकाका म्हणजे दावे विभागातले जुने कारकून. काम गोगलगायीचं, पण शंभर नंबरी. सहा वर्षांपूर्वी शाखेत तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. तिसऱ्या दिवशी काकांच्या पत्नीचं ऑपरेशन होतं. काका तिकडे गेले आणि शेजारच्या मित्राने हजेरीपटावर त्यांची सही ठोकून दिली. कुणाच्याही लक्षात आलं नसतं. तिच्या आलं.

काका स्वतः तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. "ताई, दोन अक्षरांची तर सही. त्या दिवशी मी कुठे होतो, ते तुम्हाला माहीत आहे."

"काका, अक्षरं दोन असोत की दोनशे, हात कोणाचा ते महत्त्वाचं."

तिने शेरा लिहून कागद वर पाठवला. त्या वर्षीची काकांची बढती गेली, आणि पुढेही कधी आली नाही. त्या संध्याकाळी जेवताना तिने हा किस्सा घरात रंगवून सांगितला. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. 'हात कोणाचा?' हे तिने असं उचललं, की पुढे कितीतरी दिवस कुणी तिच्या ताटातलं काही घेतलं की ती तेच विचारायची.

आणि मग नियमताईंच्याच खुर्चीला नियम आला. त्या जागेवरच्या माणसाने वर्षअखेरीपर्यंत नियमपालनाची परीक्षा पास व्हायलाच हवी. नाही झालं, तर ती पुन्हा पूर्वीसारखी ग्राहकांच्या खिडकीवर, आणि खुर्चीत मुख्य कार्यालयातून आलेलं दुसरं कुणीतरी. अभ्यासक्रम अर्धा घरी, अर्धा वर्गात. घरी कॉम्प्युटरवर चाळीस धडे, मग पाच शनिवार वर्ग, शेवटच्या शनिवारी परीक्षा. कॉम्प्युटरही काही भोळा नव्हता. दर आठ मिनिटांनी पडद्यावर चौकट यायची, 'आपण उपस्थित आहात का?' मिनिटाच्या आत बटण दाबलं नाही, की धडा पहिल्यापासून सुरू. धड्याच्या शेवटी दहा प्रश्न.

पहिले सहा धडे तिने स्वतः केले, वहीत मुद्दे काढून, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारून. सातव्या धड्याच्या सुमारास सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, घरी यायचा तो फक्त रविवारी. ऑफिसातून आल्यावर सासूबाईंचं करायचं, स्वयंपाक करायचा, आणि त्यातच धडा लावायचा. सातव्या धड्याची पहिली आठ मिनिटं तिने चार वेळा ऐकली. नववं मिनिट काही उगवेना.

"आई, तू आजीला बघ," मुलगी म्हणाली. आता ती तेरा वर्षांची होती. "बटण मी दाबते. पण हात माझा असेल हं, चालेल ना?"

दोघी खूप हसल्या. आतून सासूबाईंनीही विचारलं, "काय झालं गं एवढं हसायला?"

आधी नुसतं बटण होतं. मग प्रश्नही आले. मुलगी बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "आई, तक्रार आली तर पोच किती दिवसांत द्यायची?" आणि ती सासूबाईंना कुशीवर वळवता वळवता उत्तर द्यायची. निदान उत्तर तरी आपलं, असं तिने मनाला समजावलं. पुढे पुढे मुलीने विचारणंच सोडलं, कारण धडे ती मन लावून ऐकत होती.

"झाला?"

"झाला. दहापैकी दहा."

"शहाणी गं माझी बाय ती," म्हणून ती भाजी ढवळायला वळायची. तेव्हा तरी तिला एवढंच जाणवत होतं, की एक काम हातावेगळं झालं.

वर्गात शिकवायला एक निवृत्त तपासनीस होते. टेबलावर चहाचा थर्मास ठेवून सावकाश बोलायचे. चौथ्या शनिवारी त्यांनी यादी काढली.

"तेविसावा धडा. या धड्याला लोकांची दांडी उडते. वर्गात पूर्ण गुण फक्त एकाच व्यक्तीला." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "सांगा बघू, त्या गोष्टीतल्या बाईंची पहिली चूक कुठली?"

ती उभी राहिली. कुठली गोष्ट आणि कुठली बाई! तिचे कान तापले. "त्यांनी... कागद नीट तपासले नाहीत."

"कागद तर उत्तम तपासले होते! तोच तर मुद्दा आहे." मग सर आवाज खाली आणून म्हणाले, "घरी आजारपण आहे म्हणाला होतात ना? होतं असं. बसा."

त्यांनी फैलावर घेतलं असतं, तर तिला परवडलं असतं.

शेवटच्या शनिवारी प्रश्नपत्रिकेआधी एक कागद वाटला गेला. 'सर्व धडे मी स्वतः पूर्ण केले आहेत.' खाली रिकामी जागा. तिने ते वाक्य दोनदा वाचलं. सांगितलं असतं, तर सरांनी बहुधा पुढच्या तुकडीत घातलं असतं. पण पुढची तुकडी वर्षअखेरीनंतर होती, म्हणजे तोवर खुर्ची गेलीच. पलीकडच्या बाकावरच्याने कागद न वाचताच सही केली. तिनेही केली. सहीचा शेवटचा फराटा आखूड पडला. दुसऱ्या कुणाचा असता, तर तिने कागद परत केला असता.

पंधरा दिवस पहाटे उठून पुस्तक घोकलं होतं, त्या जोरावर परीक्षेत काठावर निभावलं. प्रमाणपत्र आलं, शाखेत चहा झाला. कॅशियर म्हणाला, "आता मुंगीला दोन ओळखपत्रं लागणार!" सगळे हसले. गर्दी पांगल्यावर हळूकाका हळूहळू तिच्या टेबलाशी आले. महिन्याभरात ते निवृत्त होणार होते. त्यांनी खिशातून एक पेन काढून तिच्यासमोर ठेवलं.

"काका, हे कशाला?"

"असू द्या हो. आता सही याच पेनाने करायची."

"काका, तेव्हाचं ते हजेरीचं... मला तुम्हाला काही..."

"अहो, सोडा! राग होता, नाही म्हणत नाही. वर्षभर तुमच्याकडे बघावंसं वाटत नव्हतं. पण आता नातीला मी हेच सांगतो, की आमच्या ऑफिसात एक ताई आहेत, स्वतःच्या बापाचा कागदसुद्धा परत करतील." ते हसले. "तुम्ही बरोबर होतात."

बोलायची वेळ हीच होती. तिने पेन उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे." काका आले तसेच हळूहळू गेले.

घरी येताच पर्ससुद्धा न ठेवता तिने कॉम्प्युटर लावला. निदान तो तेविसावा तरी बघावा. पडद्यावर एकच ओळ आली, 'अभिनंदन. आपला अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे.' धडे बंद झाले होते.

"काय शोधतेस?" मुलगी मागे येऊन उभी राहिली.

"तेविसावा धडा. काय होतं गं त्यात?"

"ती बाई होय! ती ऑफिसात एकटीच सगळं तपासायची. मग घरी अडचण आली, काम झेपेना, तर तिने थोडंथोडं दुसऱ्यांकडून करून घेतलं. मग त्यातून पुढे सगळं वाढत गेलं." मुलगी खुर्चीच्या पाठीवर रेलली. "पहिली चूक काय, तर झेपत नाहीये हे तिने कुणाला सांगितलंच नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर मुदत मिळाली असती. मला आवडला होता तो धडा. त्या प्रमाणपत्रावर खरं तर माझं पण नाव हवं, नाही का? हात तर माझाच होता."

ती हसत होती. चार महिन्यांपूर्वी हसली होती, तशीच.

आईला हसू आलं नाही. तिच्या तोंडून आधी निघालं ते हे, "कुणाला बोलली नाहीस ना? बोलू नकोस हं कुठे."

मुलीचं हसू ओसरलं. तिने आईकडे नीट पाहिलं, घरातलं मोठं माणूस पाहतं तसं.

"कळतं मला," ती म्हणाली, आणि आजीला पाणी द्यायला आत गेली.