कोकाच्या पानांचा चहा

मी क्रेन चालवतो. बहरीनला येऊन सतरा वर्षं झाली, त्यातली अकरा एकाच कंपनीत. आमच्याकडे सकाळी गेटवर कॉम्प्युटर चार-पाच नावं काढतो. ज्यांची नावं येतात त्यांनी आधी साइटच्या क्लिनिकमध्ये जाऊन लघवी तपासून घ्यायची आणि मगच कामाला लागायचं. तपासणीत नशेचं काही सापडलं तर नोकरी गेली, आणि पुढचं पोलिसांकडे. माझं नाव कितीतरी वेळा आलं असेल. जायचं, कप भरून द्यायचा, परत यायचं. त्याची कधी भीती वाटली नव्हती, वाटायचं कारणही नव्हतं.

माझी बायको बुदैयाच्या एका नर्सरीत मुलं सांभाळते. तिथल्या मॅडम मूळच्या गोव्याच्या, साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांची मुलगी लग्न होऊन पेरूमध्ये असते. त्या तिच्याकडे महिनाभर राहून आल्या आणि येताना चहाच्या पुड्या घेऊन आल्या. तिथे डोंगरावर गेल्यावर डोकं दुखतं, मळमळतं, म्हणून घरोघरी, हॉटेलातसुद्धा हा चहा देतात, पोटालाही फार चांगला, असं त्यांनी हिला सांगितलं. माझ्या पोटाच्या तक्रारी हिच्या तोंडून त्यांच्यापर्यंत गेलेल्याच होत्या. त्यांनी आठ-दहा पुड्या एका कापडी बटव्यात घालून दिल्या.

शुक्रवारी दुपारी जेवण जड झालं होतं. हिने दोन कप केले, एक मला, एक स्वतःला. पाण्याला फिकट हिरवा रंग आला. वास उन्हात वाळलेल्या गवतासारखा, आणि चव पाल्याच्या भाजीचं पाणी असावं तशी, पण मागून थोडी गोड. हिने दोन घोट घेऊन कप ठेवून दिला. मला मात्र आवडला. माझा संपवून मी हिचाही प्यायलो. अर्ध्या तासात पोट हलकं झालं, अंगात तरतरी आली. शुक्रवारी मी जेवून झोपतो, त्या दिवशी झोपलो नाही. गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीची खिळखिळी झालेली खुंटी ठोकून घट्ट बसवली.

संध्याकाळी आमची मुलगी अभ्यास सोडून स्वयंपाकघरात आली. ती अकरावीत आहे. ओट्यावर पडलेली पुडीची चिठ्ठी तिने उचलून पाहिली, फोनमध्ये काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, हे कोका लीफ आहे. यापासून कोकेन बनवतात."

मला आधी ते कळलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं, मग फोन माझ्या हातात दिला. पेरूमध्ये हा साधा चहा आहे, हजारो वर्षांपासून लोक पितात, त्याने नशा होत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं की बऱ्याच देशांत याला बंदी आहे आणि एक कप प्यायलं तरी लघवीच्या तपासणीत कोकेन दिसू शकतं. दोन दिवस, कधी तीन.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी सकाळी कामावर जायचं. मी बोटांवर मोजलं. शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ. दोन दिवससुद्धा होत नव्हते.

हिने बटवा आणला. आम्ही संडासात उभं राहून एकेक पुडी फाडली. कात्रीने कापायचं सुचलं नाही, नखांनीच फाडली. पानांचा चुरा पाण्यावर तरंगत राहिला. चार वेळा फ्लश केलं तरी एक पान कडेला चिकटून राहिलं, ते मी हाताने काढलं. कप दोनदा घासले. बटवा हिने धुऊन वाळत घातला आणि थोड्या वेळाने दोरीवरून काढून कचऱ्यात टाकला. मुलीला मी सांगितलं की मैत्रिणींना यातलं अक्षर बोलायचं नाही. ती रडायला लागली. आपण हे उघडकीला आणलं म्हणून आता बाबांना पकडतील, असं काहीतरी तिच्या मनात आलं होतं.

मॅडमना सांगायला हवं होतं, पण फोनवर बोलायचा धीर होईना. शनिवारी सकाळी आम्ही दोघं अरादच्या आमच्या घरून बुदैयाला त्यांच्याकडे निघालो. हायवेवर पोलिसांची गाडी उभी होती, गाड्या हळू करायला लावत होते. गाडीत काही नव्हतं, तरी माझे तळहात स्टिअरिंगवर घसरत होते. पोलिसाने पाहिलंसुद्धा नाही, हाताने पुढे जा म्हणून खूण केली.

मॅडम बागेत पाणी घालत होत्या. हिने त्यांना आत नेऊन सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "मी तो रोज घेते गो. पर्समध्ये घालून एअरपोर्टवरून आणला. मला कोणीच काही विचारलं नाही." स्वयंपाकघरात त्यांचा भरलेला डबा होता. तोही आम्ही रिकामा केला. आणखी कोणाला दिला का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. मग माझा हात धरून, तुमची नोकरी गेली तर मी स्वतः जाऊन सांगेन, चूक माझी आहे, असं म्हणाल्या. त्यांनी तसं सांगितलं असतं तर त्यांचाही व्हिसा गेला असता, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

दिवसभर मी पाणी पीत राहिलो. रविवारी आजारी पडावं असं मनात आलं, पण सिक लीव्हला डॉक्टरचा कागद लागतो, आणि डॉक्टर म्हटलं की तपासण्या आल्या. शेवटी कामावर गेलो. गेटवर पाच नावं वाचली, त्यात माझं नव्हतं. मी क्रेनवर चढलो.

दहाच्या सुमाराला पाइपांचं बंडल खाली घेत होतो. खाली रेडिओवर सूचना देणारा रिगर नेपाळचा, माझ्याबरोबर सहा वर्षं काम करणारा. तो 'होल्ड' म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. उद्या नाव आलं तर काय, या विचारात मी होतो. तो दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा बंडल त्याच्या हेल्मेटपासून वीतभर वर होतं. मी लोड बाजूला ठेवला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो. सुपरवायझरला मी चक्कर आली असं सांगितलं. तो म्हणाला, "क्लिनिकमध्ये जा. मध्येच उतरलास, तर टेस्ट करावीच लागेल."

तो नियम मला माहीत होता. शिडी उतरताना आठवला नव्हता इतकंच.

क्लिनिकमधली नर्स केरळची. तिने बीपी घेतलं, ते खूप वाढलेलं होतं. मग फॉर्म भरताना तिने हिंदीत विचारलं, दोन-तीन दिवसांत काही औषध घेतलंय का? नाही म्हणणं सोपं होतं. पण पेन कागदावर टेकवून ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि मी म्हणालो, "दवा नहीं. पेट के लिए एक चाय पी थी. पत्तों की." कोणती, असं तिने विचारलं. कोणीतरी बाहेरून आणली होती, असं मी सांगितलं. तिने लिहून घेतलं.

मी कप भरून दिला. त्याच्या एका बाजूला पाच पट्ट्या असतात. इतक्या वर्षांत मी त्या कधी थांबून पाहिल्या नव्हत्या. दोन रेघा म्हणजे साफ, एकच म्हणजे सापडलं, एवढं ऐकून माहीत होतं. चार पट्ट्यांवर दोन-दोन रेघा ठळक उमटल्या. पाचवीवर एकच. मला मुलीची फी, घराचं भाडं, काहीच आठवलं नाही. हिला हे कोण सांगेल, एवढंच डोक्यात होतं. मग बघता बघता दुसरी रेघ आली, पण इतकी फिकट की मला भास वाटला. नर्सने कप खिडकीशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"लाइन है," ती म्हणाली. "हल्की हो तो भी चलता है. नेगेटिव्ह." तिने फॉर्मवर सही केली, शिक्का मारला. कागद माझ्या हातात देताना हळू आवाजात म्हणाली, "भैया, वो चाय फिर मत पीना."

तिला कळलं होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. तिने मला त्या दिवशी परत क्रेनवर जाऊ दिलं नाही, बीपीचं कारण लिहून घरी पाठवलं. जाण्याआधी मी रिगरला शोधून काढलं आणि माझी चूक होती असं सांगितलं. तो म्हणाला, "होता है, उस्ताद." पण नंतर कितीतरी दिवस तो लोडपासून चार पावलं लांबच उभा राहायचा.

घरी आलो तेव्हा ही नर्सरीतून यायची होती. मी मॅडमना फोन केला आणि एवढंच म्हणालो, "टेस्ट झाली. काही निघालं नाही. खलास." पलीकडे त्या कोकणीत प्रार्थना पुटपुटू लागल्या. ती पूर्ण होईपर्यंत मी फोन कानाशी धरून उभा राहिलो.