चावीवाले गणपतबुवा

गणपतबुवांनी वीस वर्षं आमच्या छोट्या गाडीची लाइन सांभाळली, पण त्या गाडीत ते कधी बसले नाहीत. अकोल्याला लेकीकडे जायचं असलं तरी मूर्तिजापूरच्या जंक्शनपर्यंत चालत जात आणि तिथून मोठी गाडी धरत. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन रूळ धरून ठेवणाऱ्या, सैल झालेल्या लोखंडी चाव्या ठोकत पाच मैल फिरायचं, हे त्यांचं काम. त्याच लाइनीवरच्या एका खेड्यात मी स्टेशनबाबू होतो.

"इतके कशाला भिता, बुवा?" मी एकदा डिवचलं.

"काळी जमीन हाय ही, बाबूजी. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात लोन्यासारखी होते. तिच्यावर आपन लोखंड ठेवलं. मले भेव लागते म्हून तुमी घोरता."

आमची गाडी कुणीही थांबवत असे. माळणी टोपल्या घेऊन बांधावर उभ्या राहत. नुसता हात केला तर ड्रायव्हर युसूफभाई कधी थांबत, कधी नाही. मग एकीनं लुगड्याचा लाल पदर हलवून पाहिला. गाडी लगेच थांबली. तेव्हापासून सगळ्याच पदर हलवू लागल्या. बुवा चिडत.

"बायहो, लाल रंग माह्या झेंडीचा हाय, तुमच्या वांग्याचा नाई!"

"मंग वांगे तुमीच न्या डोक्यावर मूर्तिजापूरले," असं उत्तर आलं की बुवांनाच हसू फुटे.

त्या श्रावणात पाऊस आठ दिवस हटला नव्हता. बुवा सकाळीच घोंगडी पांघरून धापा टाकत आले. "बाबूजी, नाल्यापासचा भराव खचून राह्यला. आज गाडी सोडू नका."

त्यांच्या शब्दावर मी आधी दोनदा गाडी अडवली होती. दोन्ही वेळा काही झालं नाही आणि लाइनीच्या गोऱ्या साहेबांची चिठ्ठी आली: पुन्हा उशीर झाला तर घरी बसावं लागेल. त्या दिवशी तर साहेब जंक्शनवर घड्याळ हातात घेऊनच उभे राहणार होते. माझे हात गार पडले. मी म्हणालो, "तुम्ही नाल्यापाशी झेंडी घेऊन उभे राहा. तिथं गाडी थांबेल, तुम्ही बघा आणि मग हळू काढा."

बुवा पळत गेले. गाडी आली. युसूफभाई खाली उतरून बिडी पेटवत होते. त्यांना एकटं गाठून मी म्हणालो, "आज कुणी लाल कपडा हलवला तरी थांबायचं नाही. साहेब वाट पाहताहेत." बुवांचं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणतो, पण खरं तर मी टाळलं. सांगितलं असतं तर गाडी थांबली असती.

फलाटावरून नाल्याकडे जाणाऱ्या इंजिनाचा धूर दिसत होता. नाला आला तरी तो पुढंच सरकत राहिला. मग शिटी सुरू झाली ती बंदच होईना, आणि मी चिखलातून धावत सुटलो.

इंजिन नाल्यात कलंडलं होतं. धक्क्यानं डब्यांतून बाहेर पडलेल्या टोपल्या पाण्यावर तरंगत होत्या. डबे भरावावरच राहिल्यामुळे माणसं वाचली. युसूफभाई मात्र वाफेनं भाजले आणि दुसऱ्या दिवशी गेले. पावसात घोंगडीखालचा माणूस त्यांना माळीण वाटला असणार. जवळ आल्यावर त्यांनी बुवांना ओळखलं असेल, पण तोवर उशीर झाला होता.

चौकशीत मला विचारलं. मी म्हणालो, "झेंडी बहुतेक उशिरा दाखवली." बुवांची नोकरी गेली.

माझ्यावर ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते महिन्या-दोन महिन्यांनी स्टेशनवर येत, बाकाच्या कडेला बसत आणि विचारत, "बाबूजी, मी झेंडी हालवाले येळ केला काय? मले तं वाटते, मी लवकर हालवली. पन मानूस मेला ना."

"असेल," मी म्हणे.

पुढं लढाईत लोखंड हवं म्हणून सरकारनं आमची लाइन उखडली. शेवटचे रूळ बैलगाडीवर चढवले जात होते त्या दिवशी बुवा काठी टेकत आले. खूप वाळले होते. माझी बदली झाली होती, सामान बांधून झालं होतं. साहेब केव्हाच विलायतेला गेले होते. भिण्यासारखं कुणीच उरलं नव्हतं.

"आतातरी सांगा, बाबूजी. माह्याच चुकीनं मेला का तो?"

माझे हात पुन्हा गार पडले.

"असेल, बुवा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि मला रामराम केला. त्याच हिवाळ्यात ते गेले.