कुलकर्णी सरांच्या गच्चीवरची बीअर

काही गोष्टी सांगून संपत नाहीत, सांगाव्यात तशा वाढत जातात. आमच्या चौघांत कुणी नुसतं 'पातेलं' म्हणालं तरी समोरचा चहा गार होतो. प्रत्येकाची आपापली आवृत्ती असते, आणि शेवटी कुलकर्णीवहिनी येऊन तिसरंच काहीतरी सांगतात. तेच बहुतेक खरं असतं!

आधी माणसं सांगतो. कुलकर्णी सर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. व्यंकटेश बोल्लीचा टॉवेलचा कारखाना. हिरेमठ वकील मूळचे दुधनीचे. आणि मी बँकेतला, निवृत्तीला टेकलेला. रोज संध्याकाळी सरांच्या गच्चीवर आमची बैठक. चहाची, गैरसमज नको! सरांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ताक जरा आंबट झालं तरी ओतून देणारा माणूस.

आता अशा माणसाचा मुलगा, अमेय, पुण्यात इंजिनिअर होता. चांगली नोकरी सोडून तो बीअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागला. विकायला नाही, बनवायला! सर त्याला फोनवर एवढंच म्हणाले, "लोकांना काय सांगू? पोरगा दारू गाळतो?" अमेयनं फोन ठेवला. त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद. अमेय दिवाळीला येईना आणि सर बोलवीनात. वहिनींचा फोन चालू असला की सर पेपरमागून म्हणायचे, "जेवला का, विचार." तेवढाच काय तो संवाद.

आणि गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी गच्चीवर जाहीर केलं, "मी बीअर करून बघणार आहे. निव्वळ केमिस्ट्री म्हणून." आम्ही तिघांनी माना डोलावल्या. केमिस्ट्री कसली ते आम्हालाही कळत होतं आणि खाली भाजी चिरणाऱ्या वहिनींनाही.

*

पहिला प्रश्न भांड्याचा. मोठं भांडं पाहिजे. बोल्ली म्हणाला, "त्यात काय ओ सर? आमच्या समाजाच्या मंडळात हायत की!" मंडळाकडं लग्नकार्याची भांडी असतात, त्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. बोल्ली रिक्षातून एक पातेलं घेऊन आला, बाळाला आंघोळ घालता येईल एवढं. त्यावर लिहिलेलं, 'कै. नरसम्मा यांच्या स्मरणार्थ'.

वहिनी म्हणाल्या, "आधी नमस्कार करा त्यांना आणि माफी मागा." सरांनी खरंच केला!

पण मंडळात भांडं उगाच देत नाहीत, कार्य काय ते सांगावं लागतं. बोल्लीनं बिनधास्त सांगितलं होतं, "साखरपुडा हाय." कुणाचा? "कुलकर्णी सरांच्या पोराचा!" झालं. मंडळाचे अध्यक्ष सरांच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा निघाले. संध्याकाळी पेढे घेऊन हजर! वहिनींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. सर पांढरेफटक.

"मुलगी कुठली?" अध्यक्षांनी विचारलं.

"अजून ठरायचंय," सर म्हणाले.

"बरं बरं. आणि मुलगा काय करतो?"

सरांनी आमच्याकडं पाहिलं, आम्ही पेढ्यांकडं.

"फर्मेंटेशनमध्ये आहे," सर म्हणाले.

"वा! म्हणजे परदेशात!" अध्यक्ष म्हणाले.

*

हिरेमठ वकिलांची भूमिका पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती. "सर, घरी बीअर करायची तर परवाना लागतो. कायदा म्हणजे कायदा. म्हणून मी हितं आलेलोच नाही."

"पण तुम्ही तर खुर्चीत बसलाय," मी म्हणालो.

"ती खुर्ची मोकळी हाय," वकील म्हणाले, आणि त्यांनी मोकळ्या खुर्चीतून हात पुढं करून चिवड्याची बशी ओढली.

*

बीअरला मोड आणून वाळवलेलं धान्य लागतं. ते विकत मिळतं, पण सर कसले विकत घेतात! त्यांनी भुसार दुकानातून सातू आणले, बोल्लीच्या ओल्या टॉवेलात बांधले, मोड आणले आणि गच्चीत धोतरावर वाळत घातले. रोज स्वतः हात फिरवायचे. मग एक दिवस त्यांना पेपर तपासायच्या कामाला जावं लागलं.

संध्याकाळी येऊन बघतात तर गच्ची स्वच्छ!

"अहो, तुमचं ते धान्य ना?" वहिनी म्हणाल्या. "छान खडखडीत वाळलं होतं. मी भाजून, दळून सत्त्व केलं. ह्यांच्या नातवाला पाठवून दिलं."

'ह्यांच्या' म्हणजे माझ्या! मुलगी बाळंतपणाला माझ्याकडं आली होती, तिचं बाळ नुकतंच वरचं खायला लागलं होतं. वहिनींच्या हातचं सत्त्व म्हणून आम्ही कौतुकानं दुधात शिजवून रोज वाटीभर देत होतो. सर दुसऱ्या दिवशी घरी आले, चप्पल न काढता दारातूनच बाळाकडं बघत राहिले.

बाळ गुटगुटीत झालं, ती गोष्ट वेगळी. सर अजूनही त्याला 'पहिला घाणा' म्हणूनच हाक मारतात.

*

दुसऱ्यांदा धान्य तयार झालं तेव्हा सर त्याच्यावर पहारा देत बसले. मग गिरणीत गेले. ते धान्य नुसतं भरडायचं असतं, पीठ करायचं नसतं. सरांनी गिरणीवाल्याला तीनतीनदा सांगितलं. गिरणीवाल्यानं मान हलवली आणि मैद्यासारखं बारीक दळून दिलं!

"अरे, भरड सांगितलं होतं ना?"

"सर, तुमच्या घरचं दळण हाय. कणी राहिली तर वैनी मला काय म्हंतील?"

ते पीठ नरसम्माबाईंच्या पातेल्यात पडलं आणि त्याची खळ झाली. गाळता गळेना. शेवटी बोल्लीनं कारखान्यातून नवाकोरा टॉवेल आणला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बोल्ली, आम्ही दोघं पिळतोय आणि सर खालून भांडं धरतायत. गाळलेल्या पाण्यावर पांढरे तंतू तरंगायला लागले. सर चिडले, "बोल्ली, ह्यात टॉवेलचा कापूस उतरलाय!"

बोल्ली शांतपणे म्हणाला, "असू द्या ओ. एक्स्पोर्ट क्वालिटी हाय."

*

मग स्वच्छता सुरू झाली. बीअरला परका जंतू चालत नाही म्हणे. गच्चीवरच्या खोलीत यायचं तर हातपाय धुवायचे, नळ्या उकळायच्या, झाकणाला कुणी शिवायचं नाही. मी चुकून चमच्याला हात लावला तर सरांनी चमचा पुन्हा उकळायला टाकला!

वहिनी जिन्यातून बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचं सोवळं बरं होतं हो. त्या निदान प्रसाद तरी द्यायच्या."

*

उकळून, गार करून, कडवट फुलं आणि यीस्ट घालून ते प्रकरण पाण्याच्या मोठ्या जारमध्ये गेलं. आता त्याला गारवा पाहिजे. सोलापुरात, उन्हाळ्यात! सरांनी जार खाली बेडरूममध्ये कूलरसमोर ठेवला, भोवती ओली सोलापुरी चादर गुंडाळली आणि स्वतः हॉलमध्ये घाम पुसत झोपले. दर थोड्या वेळानं उठून चादरीवर पाणी शिंपडायचे. वहिनी एकदाच बोलल्या, पण बोलल्या. "लग्न झाल्यापासून मला कितीदा ताप आला. कपाळावर कधी पट्टी ठेवली नाही ह्या माणसानं!"

जारमधला वायू बाहेर जायला मेडिकलमधून आणलेली सलाइनची नळी लावली होती. तिचं टोक पाण्याच्या ग्लासात. बुडबुड, बुडबुड. एकदा शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. अर्धवट उघड्या दारातून त्यांना अंधारी खोली, कूलर, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आणि त्यातून निघालेली सलाइनची नळी दिसली. शेजारी स्टुलावर सर, हातात घड्याळ.

काकू विरजण न घेताच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या हातात मऊ भाताचा डबा देऊन हळूच म्हणाल्या, "पथ्याचं केलंय. पेशंट कोण आहे ते सांगू नका, पण बरं वाटतंय ना आता?"

*

बाटल्यांचा किस्सा सरांना अजून लागतो. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडं मिळतात. सरांनी दोन पिशव्या भरल्या, स्कूटरला अडकवल्या आणि निघाले. स्पीडब्रेकरवर जे व्हायचं ते झालं. अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा खणखणाट! बाजूलाच एका विद्यार्थ्याचे वडील उभे होते. मोडनिंबचे शेतकरी, पोराच्या शिक्षणासाठी कुंभारीला खोली घेऊन राहिलेले.

ते दुसऱ्या दिवशी घरी आले. बराच वेळ टोपी फिरवत बसले.

"सर, रागावू नका. माझा भाऊबी असाच हुता. रोज लागायची. आमच्याकडं एक म्हाराज हायत, त्येंनी गळ्यात माळ घातली, तवापासनं थेंब न्हाय. मी येतो की तुमच्यासंगं. कुणाला कळायचं न्हाय."

त्या माणसाच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "प्रयत्न करतो."

नंतर मी विचारलं, "सर, खरं का नाही सांगितलं?"

"खरं काय सांगू? पीत नाही, गाळतो? त्यापेक्षा पितो ते बरं!"

*

पहिली बाटली उघडायचा दिवस आला. सर पिणार नव्हते. बोल्लीचा शनिवार होता. मला ॲसिडिटी. राहिले हिरेमठ वकील. ग्लासात ओतलं तर फेस नाही, रंग खळीचा, वर एक्स्पोर्ट क्वालिटीचे दोन तंतू. वकिलांनी डोळे मिटून मोठा घोट घेतला, गिळला आणि तसेच बसून राहिले.

"कशी आहे?" सरांनी विचारलं. निकाल लागायच्या दिवशी पोरं विचारतात तसं.

"सर," वकील म्हणाले, "मी हितं असतो तर थुंकलो असतो."

सगळे हसलो. सरही हसले, पण मग पटकन उठून बाटल्या आवरायला लागले. मला वाईट वाटलं. तेव्हा पहिल्यांदा मी स्पष्ट म्हणालो, "अमेयला एक फोन करा ना."

"त्याला काय विचारायचं?" सर माझ्याकडं न बघता म्हणाले. "मी केमिस्ट्री शिकवतो."

*

आता शेवटचा. हा आम्ही फारसा कुणाला सांगत नाही.

बीअरचा दुसरा घाणा घातला तो पावसाळा सरल्यावर. ह्या वेळी सगळं बिनचूक. भरड नीट, गाळायला टॉवेल नाही, रंग असा सुंदर की बोल्लीनंसुद्धा हात जोडले. पण बुडबुडे येईनात. सर नळीजवळ डोळा नेऊन बसायचे. जार हलवला, जागा बदलली, पुस्तकं काढली. कॉलेजातून आले की बूट न काढता आधी खोलीत. ग्लासातलं पाणी आपलं गपगार. जेवणावरनं त्यांचं लक्ष उडालं, तेव्हा मात्र वहिनींनी ठरवलं.

रविवारची दुपार होती. आम्ही तिघंही गच्चीत होतो. वहिनी वर आल्या, फोन लावलेलाच होता, तो त्यांनी सरांच्या हातात दिला आणि कठड्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. पापड वाळलेत का ते बघत. गच्चीत पापड नव्हतेच!

फोन स्पीकरवर होता. तो बंद कसा करायचा हे सरांना माहीत नाही.

"हॅलो, आई?"

सर उठून उभे राहिले. "हॅलो. मी कुलकर्णी बोलतोय." स्वतःच्या पोराला! बोल्लीनं तोंडावर हात दाबला.

सरांनी घसा साफ केला.

"एक डाउट होता," सर म्हणाले.

अमेय अकरावी-बारावीला सरांच्याच वर्गात होता. वर्गात हात वर केल्याशिवाय सरांनी कुणाचा डाउट कधी ऐकला नाही, पोटच्या पोराचाही नाही.

लाइन कट झाली असं आम्हाला वाटलं. मग अमेयचा आवाज आला.

"हात वर करून विचारा."

हिरेमठ वकिलांनी खाली फरशीकडं बघितलं. वहिनी कठड्याला धरून पाठमोऱ्याच उभ्या होत्या.

सरांनी हात वर केला. डावा, कारण उजव्यात फोन होता.

"केलाय," सर म्हणाले.